आईंचं परतीचं तिकीट

विमानतळावर तिला सगळे चाळणी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नवीन माणूस कामावर आला की ती स्वतःच सांगे, "माझ्या हाताखाली आला आहेस, म्हणजे खडे वेचायला शिकशील." परदेशी जाणाऱ्या विमानांच्या चेक-इन काउंटरवर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बॅग वजनाला ठेवणं, तिला पट्टी चिकटवणं, हे कोणीही करतं. तिचं खरं काम कागद तपासण्याचं. पासपोर्टची मुदत आहे का, व्हिसा कशासाठी दिलाय, तिकडे उतरून राहणार कुठे, आणि सगळ्यात शेवटी तो प्रश्न, जो ऐकून चांगल्या हसतमुख माणसाच्याही कपाळावर आठ्या पडत.

"परत कधी? तिकीट दाखवा."

"अहो, मी अजून इथून हललोसुद्धा नाही, आणि तुम्ही परतीचं विचारता?"

मग ती शांतपणे समजावे. तिकडच्या अधिकाऱ्याला वाटलं की हा पाहुणा मुक्काम ठोकायला आलाय, तर तो दारातूनच माघारी पाठवतो. माघारी आणायचं काम विमान कंपनीच्या गळ्यात, आणि वर दंडही कंपनीलाच. म्हणून खात्री इथेच करून घ्यायची. परत इकडे या किंवा पुढे तिसऱ्या देशात जा, पण तिथून निघणार आहात याचा काहीतरी पुरावा हवा.

एकदा एक गिटारवाला तरुण नुसतं जाण्याचं तिकीट घेऊन आला होता. तिथून पुढे बसने शेजारच्या देशात जाणार म्हणाला.

"बसचं तिकीट?"

"ते तिथे गेल्यावर काढीन. बस काय, रोज असते."

"बस रोज असेल हो. पण तुम्ही तिच्यात बसणार, हे कोणी सांगायचं?"

त्याला वाटलं बाई थट्टा करतेय. तिने त्याला बाजूच्या बाकावर बसवलं, त्याच्याच फोनवर बसचं तिकीट काढायला लावलं आणि मगच बोर्डिंग पास हातात दिला. जाताना तो म्हणाला, "माझ्या आईनेही मला कधी इतके प्रश्न विचारले नाहीत."

"म्हणूनच मला विचारावे लागले," चाळणी म्हणाली.

छापील कागदावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. लोक बुकिंग करत, कागद छापून घेत आणि नंतर बुकिंग रद्द करत. कागद बिचारा आपला तसाच, गुळगुळीत, तारीख-वेळेसकट. म्हणून ती प्रत्येक बुकिंग नंबर संगणकात टाकून बघे. शिकाऊ पोरींना तिचं एक वाक्य पाठ होतं: "कागद काल काय होतं ते सांगतो, स्क्रीन आज काय आहे ते सांगते." आणि त्या ऑफिसात आणखी एक रीत होती, चाळणीनेच पाडलेली. आपल्या घरचं माणूस प्रवासाला आलं, तर त्याचे कागद आपण तपासायचे नाहीत. शेजारच्या काउंटरवर पाठवायचं आणि आपण लांब उभं राहायचं. माया आली की नजर अधू होते, असं तिचं म्हणणं.

घरी मात्र तिला चाळणी म्हणणारं कोणी नव्हतं. घरी तिला "सूनबाई" म्हणत, तेही सासूबाई चिडल्या असल्या तरच. एरवी नुसतं "अगं".

सासूबाईंचं शिवणाचं मशीन दारातून आत आल्याबरोबर, बोळकंडीवजा जागेत, खिडकीखाली होतं. कपडे शिवून देण्याचे दिवस गेले, पण लांडं करणं, सैल करणं, चेन बदलणं, फाटलेला खिसा लावणं ही कामं चालूच होती. चाळणीच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या पँटींना सासूबाईंची दुमड होती. तिकडे त्यांना मशीनवाल्या आजी म्हणत. सुपरवायझर तर म्हणायचा, "ताई, तुमच्या सासूबाई गावाला गेल्या, तर आमच्या पँटा झाडू मारतील."

सासू-सुनेचं जमायचं नाही, असं म्हणणं बरोबर नाही. त्यांचं भांडण जमायचं. खिडकी उघडी की बंद, यावरून सकाळ सुरू होई. फरशीवर टाचणी सापडली की सून म्हणे, "आई, पायात गेली असती." सासूबाई म्हणत, "गेली का? नाही ना? मग?" रेडिओचा आवाज हा कायमचा वाद. पाहुणे आले की सासूबाई मुद्दाम मोठ्याने सांगत, "आमची सून अख्ख्या जगाला विचारते, परत कधी जाणार. घरात फक्त मलाच विचारायचं राहिलंय."

"तुम्हाला विचारून उपयोग काय? तुम्ही थोड्याच जाणार आहात," सून आतून म्हणे, आणि पाहुण्यांना चहा कुणाच्या बाजूने प्यावा ते कळत नसे.

संध्याकाळी भाजी चिरताना ती सगळा दिवस नवऱ्यासमोर ओतत असे. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दिवसभर बारीक काम करून त्याचे डोळे शिणलेले असत आणि जिभेला तर कधीच फारसं काम नसे. तो ऐकून घेई. "तुमच्या आईंनी आज पुन्हा खिडकी लावून घेतली. मी एक दिवस, फक्त एक दिवस या घरात शांतपणे बसलेय असं मला आठवत नाही." तो म्हणे, "हं." ती म्हणे, "हं काय हं." एवढं झालं की तिचं डोकं हलकं होई आणि ती ताटं घेई. आईंना आधी वाढे. आईंना खरपूस आवडतं म्हणून भाताच्या तळाचं त्यांच्या ताटात जाई. हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न होऊन परदेशात गेलेली, दोन लहान मुलं, नवरा-बायको दोघंही पाळीची नोकरी करणारी. आईला तीन महिने पाठव म्हणाली. सासूबाई आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या बघू, आणि मग गुपचूप नातवंडांसाठी स्वेटर विणायला बसल्या. व्हिसा पाहुण्यांचा मिळाला. जाण्याचं एक आणि येण्याचं वेगळं, अशी दोन तिकिटं नवऱ्याने फोनवरून काढली. चाळणीने त्या दिवशी दोन्ही नंबर ऑफिसात टाकून पाहिले. दोन्ही ठणठणीत.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मशीनवर जुनी चादर घातली आणि बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. सुई माझ्या हाताला बसलीय. आणि त्या सुपरवायझरला सांग, पँट मी आल्यावर मिळेल. तोवर दुमडून घाल म्हणावं."

विमान दुपारचं होतं. चाळणीची सकाळची पाळी होती, म्हणून ती आधीच काउंटरवर होती. नवऱ्याने आईला गाडीतून आणून दारात सोडलं. तिकिटाशिवाय आत येता येत नाही, म्हणून तो काचेबाहेर थांबला. सासूबाई पर्स पोटाशी धरून रांगेतून पुढे आल्या, तेव्हा चाळणीने ठरल्याप्रमाणे शेजारच्या काउंटरकडे बोट दाखवलं.

"आई, तिकडे. मी तुमचं तपासायचं नाही."

"का? माझ्या बॅगेत बॉम्ब आहे?"

"नियम आहे."

"घरात कमी नियम आहेत तुझे, आता इथेही."

शेजारच्या काउंटरवर जी मुलगी होती, तिला सगळे अजून नवी म्हणत. चाळणीनेच तिला हाताला धरून काम शिकवलं होतं. नवी उठून वाकली, "आजी, या. माझी पण पँट तुम्हीच लांडी केलीत." सासूबाई खूश झाल्या. पासपोर्ट दिला, व्हिसा दाखवला, छोटीचा पत्ता दाखवला. परतीच्या तिकिटाचा कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवला होता, तोही दिला. नवीने कागद बाजूला ठेवला, नंबर टाकला. मग पुन्हा कागदाकडे बघत एकेक अक्षर टाकलं. मग ती उठून चाळणीजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, आजींचं परतीचं रद्द दाखवतंय."

"नंबर चुकला असेल."

"दोनदा टाकला."

चाळणी लांब उभं राहायचा आपला नियम विसरली. जाऊन स्क्रीन बघितली. जाण्याचं तिकीट जिवंत होतं. परतीच्या ओळीत सासूबाईंचं नाव, तारीख, आणि पुढे तो शब्द, जो तिने परक्यांच्या नावापुढे शेकडो वेळा वाचला होता. आज तो तिने बोट ठेवून पुन्हा वाचला. हॉलमधला गलका एकदम लांब गेला, जणू कानात पाणी शिरलं असावं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

नवी घाबरली होती, पण शिकवलेलं विसरली नाही. "आजी, तुमचं परतीचं तिकीट कुणीतरी रद्द केलंय. ते असल्याशिवाय मला बोर्डिंग पास देता येत नाही."

"कुणीतरी म्हणजे कुणी?"

सासूबाईंनी नवीकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि सुनेवरच नजर ठेवली. त्यांचा चेहरा रागाचा असता तर चाळणीला बरं वाटलं असतं. रागाची तिला सवय होती. पण तो चेहरा घरातली वस्तू जागेवर नसल्यावर होतो तसा झाला होता.

"तू केलंस?" त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "मी नको होते, तर तसं म्हणायचंस ना. रोज इतकं बोलतेस, तेवढं एक बोलायचंस."

चाळणीला तोंडात फाडकन बसल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत दोघी एकमेकींना काय काय बोलल्या होत्या. पण या बाईला हे खरंच वाटू शकतं, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला म्हणायचं होतं, आई, काहीतरीच काय.

रांगेतली माणसं बघू लागली. सुपरवायझर धावत आला. त्याने सासूबाईंना स्वतःची खुर्ची दिली आणि आपल्या अधिकारातून त्या बुकिंगचा मागचा हिशेब उघडला. कधी रद्द झालं: काल संध्याकाळी. कुठून: ज्या फोनवरून काढलं, त्याच फोनवरून. खाली नंबर होता. सुपरवायझरला तो नुसता नंबर होता. चाळणी तो नंबर झोपेतही सांगू शकली असती.

काल संध्याकाळी ती भाजी चिरत होती. नवरा समोर फोन घेऊन बसला होता. तिने विचारलंही होतं, काय बघताय इतकं. तो म्हणाला होता, काही नाही.

ती हॉलच्या दाराशी गेली. काचेपलीकडे नवरा उभा होता. तिला बघून त्याने हात वर केला, झालं का, अशा अर्थाने. ती बाहेर गेली.

"तुम्ही आईंचं परतीचं रद्द केलंत?"

तो दचकला. पण जे केलं ते नाकारणाऱ्यातला तो नव्हता. "तुला कसं कळलं? कागद होता ना तिच्याकडे."

"मी काय काम करते, ते तरी माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला वाटलं, तुझ्याच सासूबाई म्हटल्यावर कोण एवढं बघणार. तू आहेस ना तिथे."

तिने आयुष्यभर जो काटेकोरपणा जपला, त्याचा याने असा हिशेब केला होता. "पण का?"

नवरा जमिनीकडे बघत बोलू लागला. इतकं सलग बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "छोटी म्हणाली, आई आली की इथेच ठेवून घेऊ. तिच्या मुलांना माणूस होईल. कागदपत्रांचं काय ते मागाहून बघू म्हणाली. तिकीट राहिलं असतं, तर आई त्या तारखेला बॅग भरून दारात उभी राहिली असती. तुला माहीत आहे ती."

"आईंना विचारलंत?"

"विचारलं असतं तर गेली असती का?"

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं, तर काउंटरवर तुला खोटं बोलावं लागलं असतं. आणि तू..." तो थांबला. "तूच तर म्हणायचीस. रोज म्हणायचीस. एक दिवस शांतता हवी. मला वाटलं, तुला हवंय पण तोंडाने मागता येत नाही. मग मीच करून टाकलं."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. असती तर ती भांडली असती. तो खरंच एखादी भेट द्यावी तसा उभा होता, आणि भेट आवडली नाही हे बघून गोंधळला होता. भाजी चिरता चिरता टाकलेलं तिचं एकेक वाक्य याने उचलून ठेवलं होतं. तिला वाटत होतं, हा नुसता हं हं करतो. हा तर अर्ज स्वीकारत होता.

"मला शांतता हवी होती," ती म्हणाली, "आई नकोत असं कुठे म्हटलं मी?"

"मग त्याचा अर्थ काय घ्यायचा?"

काउंटर बंद व्हायची वेळ जवळ आली होती. ती आत वळली.

तेवढ्या अंतरात तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. खरं सांगितलं, तर आईंची पोटची दोन्ही मुलं एका फटक्यात जातील. नाही सांगितलं, तर गुन्हेगार आपणच. सुनेने केलं असं वाटलं, तर निदान दुःख ओळखीचं होईल. सुनेकडून माणूस काय एवढी अपेक्षा ठेवतो. घेऊन टाकावं अंगावर, असं तिने जवळजवळ ठरवलं.

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर सुपरवायझरने ठेवलेलं पाणी तसंच होतं.

"भेटून आलीस त्याला?"

"हो."

"मग बोल."

चाळणीने तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, जशा त्या सुईत दोरा ओवताना बघायच्या, एक डोळा बारीक करून.

"तू नाहीस," त्या म्हणाल्या.

"आई, तसं नाही. मीच—"

"गप्प बस. तू केलं असतंस, तर आतापर्यंत माझ्याशी कडाकडा भांडली असतीस. वर मलाच चार शब्द सुनावले असतेस. तू गप्प आहेस म्हणजे तू नाहीस." त्यांनी पर्स पोटाशी ओढली. "त्याने केलं. आणि छोटीला माहीत आहे?"

चाळणीने मान खाली घातली. एवढं पुरेसं होतं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांचे हात मात्र मांडीवर एकमेकांत गुंतून बसले, आणि बराच वेळ ते सोडवायचं त्यांना सुचलं नाही. "दोघांनी मिळून," त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. "पँट लांडी करायची तरी आपण विचारतो, किती करू. माप घेतो. मला कोणी विचारलं नाही गं, किती दिवस."

सुपरवायझर खाकरला. "आजी, नका जाऊ. सामान उतरवतो. घरी जा."

"मी नातवंडं बघायला निघालेय," सासूबाई म्हणाल्या. "ती का सोडू? त्यांनी काय केलंय?" मग सुनेकडे वळल्या. "परतीचं आत्ता काढता येतं?"

"येतं."

"मग काढा. पण त्याने ठरवलेली तारीख नको. या महिन्याअखेरची बघ. तेवढे दिवस पुरे. पोरांना खेळवीन, तिच्याशी बोलायचंय तेवढं बोलेन, आणि येईन."

"आई, मी पैसे—"

"माझ्या पर्समध्ये आहेत. शिवणाचे."

नवीने भराभर माहिती भरली. नाव, पासपोर्ट, तारीख. मग ती अडखळली आणि चाळणीकडे बघून म्हणाली, "संपर्काचा नंबर कुणाचा टाकू?"

"ज्याचा नंबर असेल, त्याला ते रद्द करता येतं का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आजी."

"मग माझा टाक. हिचासुद्धा नको. उद्या हिचंही डोकं फिरलं तर."

"आणि नंबर काय?"

सासूबाई अडल्या. स्वतःला स्वतः कोण फोन करतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि चाळणीने आवाज जेमतेम ताब्यात ठेवत त्यांचा नंबर सांगितला. नवीने टाकला. सासूबाईंच्या पर्समध्ये फोन टिंग वाजला. त्यांनी तो काढला, लांब धरून वाचला, मग सुनेपुढे केला. "बघ. जिवंत आहे का?"

चाळणीने बघितलं. "आहे."

बोर्डिंग पास हातात पडला. जाताना सासूबाईंनी काचेकडे पाहिलं नाही. काचेपलीकडे त्यांचा मुलगा हात वर करून उभा होता, तो हात हळूहळू खाली आला. सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरताना त्या मागे वळल्या आणि सुनेला म्हणाल्या, "खिडकी लावत जा संध्याकाळी. धूळ येते मशीनवर."

"लावीन," चाळणी म्हणाली. हे ऐकून सासूबाई जागच्या जागी थांबल्या. इतक्या लवकर मिळालेला होकार त्यांना पचला नसावा. मग मान हलवून पुढे गेल्या.

संध्याकाळी घर शांत होतं. रेडिओ नाही, मशीन नाही. नवरा समोर बसला होता, आणि चाळणी भाजी घेऊन बसली होती, पण चिरत नव्हती.

"माझ्याबद्दल काही म्हणाली का?" त्याने विचारलं.

"काही नाही. तुमचा नंबर काढून टाकला."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "फोन करू का तिला? उतरली की?"

"करा. पण आधी काय बोलणार ते मला सांगा," ती म्हणाली. नळ ठिबकत होता. दुरुस्त करायला सांगून किती दिवस झाले, असं तिच्या तोंडावर आलं होतं. तिने ते वाक्य जिभेवर धरलं, दोन्ही बाजूंनी तपासलं, आणि मग म्हणाली, "नळाचा वायसर गेलाय. नवा बसवायचाय. नळ काढून टाकायचा नाही, फक्त वायसर."

"हो," नवरा म्हणाला. "समजलं."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, खरंच समजलंय का ते.